टिकणाऱ्या डिझाइनविषयी बोलताना

आज पुण्यातील एका वेब डिझाइन परिषदेत ‘टिकणारे डिझाइन’ या विषयावर बोललो. आरंभी सर्न या युरोपीय भौतिकशास्त्र संशोधन संस्थेतील, वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचे १९९१ सालचे जगातील पहिले संकेतस्थळ पडद्यावर उघडले. साध्या एचटीएमएलमधले, म्हणजे वेबपाने लिहिण्याच्या मूळ भाषेतले, ते पान आजच्या मोबाइलवरही विनातक्रार वाचता येते, तर फ्लॅश या हलत्या चित्रांच्या तंत्रात हौसेने उभारलेली असंख्य संकेतस्थळे २०२० अखेर त्याचा आधार संपताच मुकी झाली.

मग आपल्या घरचे उदाहरण दिले. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धती रुळण्यापूर्वी खासगी फॉन्टांत चढवलेला मराठी मजकूर, तो फॉन्ट संगणकावर नसेल तर, रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी होऊन समोर येतो, आणि शोधयंत्रालाही त्यात मराठी सापडत नाही. नमुना म्हणून दाखवलेले पान मीच पूर्वी केलेले होते, हे सांगितल्यावर सभागृह हसले. मीही ओशाळून हसलो.

एका विद्यार्थिनीने विचारले, “ग्राहकाला दर दोन वर्षांनी नवे रूप हवे असते, मग टिकाऊपणाचे पैसे कोण देणार?” मजकूर व रूप वेगळे ठेवावे, सीएसएस, म्हणजे रूप ठरवणारी नियमावली, खुशाल बदलावी, पण पानांचे पत्ते बदलू नयेत, एवढे मी सांगितले. पैशांचा भाग मात्र मी टाळला, आणि ते तिच्या लक्षात आले असावे.