गड्ड्याच्या कार्डांसाठी रंगीत पेन्सिली : तिसऱ्या महिन्याची नोंद

यंदा संक्रांतीला, म्हणजे आमच्या सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, नात्यातल्या ३० घरी तिळगुळाबरोबर हाताने रंगवलेलं कार्ड द्यायचं, असं ऑक्टोबरात ठरवलं. चित्र एकच. मागे सिद्धेश्वर तलावावरची संध्याकाळ आणि पुढे पांढऱ्या बाराबंदीतला (बंदांनी बांधायच्या अंगरख्यातला) मानकरी नंदीध्वज, म्हणजे यात्रेतली मानाची उंच काठी, पेलून उभा. आज ११ कार्डं तयार आहेत. पहिली ५ मी बाजूला काढली, कारण त्यांतलं आकाश पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं. पिवळा संपतो, नारिंगी सुरू होतो, आणि मधली शीव लगेच डोळ्यांत भरते.

मला वाटायचं, पेन्सिल जितकी मऊ तितके रंग छान मिसळणार. म्हणून आधी मेणाचं शिसं असलेला, लोण्यासारखा मऊ सेट आणला. प्रिझ्माकलर प्रीमियर याच जातीची. रंग भराभर बसतो, हे खरंच सुख आहे. पण दोन थरांतच कागद गुळगुळीत होतो आणि तिसरा थर वरून नुसता घसरतो. शिवाय दाट रंगवलेली कार्डं आठवड्याभराने काढली, तर तलावाच्या गडद भागावर पांढुरकी साय धरलेली. मेण वर येतं ते हे. मऊ सुती कापडाने हलकं पुसलं की जातं, पण पाकिटात बंद करून दिलेल्या कार्डावर पुसायला कोण येणार?

मग तेलाच्या जातीच्या पेन्सिली घेतल्या. फेबर-कॅसलच्या पॉलिक्रोमोस, पूर्ण श्रेणी १२० रंगांची आहे. मी सेट न घेता सुट्ट्या ९ मागवल्या. शिसं थोडं कडक, टोक टिकतं, साय धरत नाही, आणि हलक्या हाताने ६-७ थर आरामात चढतात. फक्त घाई चालत नाही.

घाई का चालत नाही, हे मला मामांनी समजावलं. आमचे मामा, म्हणजे सासरे, ३० वर्षं चादरीच्या जॅकार्ड, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, मागावर होते. माझं पट्ट्यांचं आकाश हातात घेऊन म्हणाले, "अगं, तू रंग कालवायला बघतेस. ताण्याचा उभा धागा लाल आणि बाण्याचा आडवा पिवळा धरला की लांबून केशरी दिसतं, पण जवळ गेलीस तर धागे वेगळेच असतात. तुझी पेन्सिल म्हणजे धागा आहे. तो एकमेकांतून गेला पाहिजे."

त्या दिवसापासून माझी पद्धत बदलली. पेन्सिलीचा रंग पाण्याच्या रंगासारखा एकजीव होत नाही. कागदाच्या उंचवट्यांवर एक रंग बसतो, उरलेल्या जागेत दुसरा, आणि मिसळण्याचं काम डोळा करतो. त्यामुळे दोन रंग फक्त कडेला भेटवून चालत नाही, एकमेकांच्या हद्दीत बरंच आत जावं लागतं.

आता आकाश असं करते: सगळ्यात आधी पूर्ण आकाशावर फिका क्रीम, अगदी वजनाशिवाय. त्यावर खालून दोन तृतीयांश उंचीपर्यंत पिवळा, बारीक गोल फिरवत, पेन्सिल मागून धरून. मग नारिंगी, मधल्या अर्ध्या भागात. मग गुलाबीसर लाल, नारिंगीच्या निम्म्यावरून वर. जांभळा सगळ्यात शेवटी आणि फक्त वर. पिवळ्यावर थेट जांभळा आला की मातकट तपकिरी होतो, म्हणून मध्ये लाल हवाच. हा क्रम पुन्हा एकदा पहिल्यापासून. शेवटी क्रीमने दाबून घोटायचं. पांढऱ्याने घोटलं तर संध्याकाळ दुधाळ होते, मी दोन कार्डं तशी घालवली. घोटण्यापुरती मऊ मेणाची पेन्सिल मात्र उत्तम, तिथे तेलाची कमी पडते. म्हणजे माझ्यापुरता निवाडा असा: थर तेलाच्या पेन्सिलीचे, शेवटचं घोटणं मेणाच्या पेन्सिलीचं. साय धरते ती गडद, दाट भागावर दिसते, फिक्या क्रीमवर मला अजून दिसलेली नाही.

बाराबंदी कोरी ठेवली तर कागद सुटल्यासारखा वाटतो. सुरकुत्यांच्या सावलीत फिका निळा, त्यावर किंचित जांभळा, आणि उजेडाच्या बाजूला क्रीम. काळा आणि करडा मी डब्यातून काढूनच ठेवलेत.

कागदाचं सांगते, कारण तो चुकला तर महागडी पेन्सिलही काही करू शकत नाही. लग्नपत्रिकेचा चकचकीत कागद दिसतो देखणा, पण त्यावर रंग धरत नाही. फार खरखरीत घेतला तर पांढरे ठिपके बुजता बुजत नाहीत. ३०० जीएसएमचा, चकाकी नसलेला, बोटाला जेमतेम दाणा लागेल असा जाड कागद मला मानवला. आमच्या प्रेसवाल्या काकांकडे पत्रिकांची कात्रणं मिळतात, निवडून घ्या, चाचणीच्या पट्ट्यांना उपयोगी पडतात.

मोठ्या आकाशासाठी टर्पेंटाइनही वापरून पाहिलं. इअरबड जेमतेम ओला, टिपून घेतलेला, खिडकी उघडी. मेण विरघळतं आणि पांढरे ठिपके भरतात. पण आधी कार्डाची बाह्यरेषा बॉलपेनची होती, ती पसरून नंदीध्वजाच्या बाजूला निळा डाग पडला. आता रेषा वॉटरप्रूफ पिगमेंट पेनची, तीही अर्धा तास वाळवून. खोबरेल कुणी सुचवलं तर वापरू नका. पहिल्या दिवशी सुंदर दिसतं, आठवड्याने रंगाभोवती तेलकट पिवळं वलय फुटतं आणि कार्डाच्या मागे उमटतं.

कार्ड म्हणून आणखी तीन गोष्टी. घडीच्या रेषेवर दाट रंग नको, दुमडताना तडकतो आणि पांढरी रेघ राहते. घोटलेल्या जागेवर डबल टेप धरत नाही, म्हणून लटकन चिकटवायची जागा कोरी सोडायची. आणि पांढरा जेल पेन मेणावर अडखळतो, तेव्हा "तिळगूळ घ्या, गोड बोला" हे अगोदर लिहून घ्यायचं.

दिवाळीपासून दक्षिणेच्या खिडकीत रंगपट्टी लावलीय, अर्धी काळ्या कागदाखाली झाकलेली. आपल्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको. काल कागद उचलला. पिवळा, निळा, तपकिरी जसेच्या तसे. राणी रंगाची उघडी बाजू मात्र स्पष्ट फिकी पडलीय, आणि नेमका तोच रंग मी आकाशातल्या लालसर पट्ट्यात वापरत होते. उरलेल्या १९ कार्डांसाठी त्याच्या जागी विटकरी लाल आणि वरून अगदी हलका जांभळा, असे चार तुकडे रंगवून ठेवलेत. त्यातला दुसरा मामांना पसंत पडला. बाराव्या कार्डाचं आकाश उद्या सकाळी त्याच रंगात धरते.