लेक डिस्ट्रिक्टला सहकुटुंब: खिडकीतला देखावा नंतर, शेगडी आधी बघा

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये मुलंबाळं, आजी-आजोबा घेऊन आठवडाभर राहायचं तर मुक्काम केझिकला ठेवावा. विंडरमिअरचं नाव मोठं, पण गर्दीही तशीच. केझिक पाचेक हजार वस्तीचं. सुपरमार्केट, बसथांबा, गुरुवार-शनिवारचा बाजार आणि डरवेंटवॉटर तळं, सगळं चालत पंधरा-वीस मिनिटांत. गाडी न घेताही इथे आठवडा मजेत जातो.

लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून पेनरिथला थेट गाडीने साधारण तीन-साडेतीन तास, आणि स्टेशनबाहेरून एक्स ४ किंवा एक्स ५ बसने केझिकपर्यंत पाऊण तास. इंग्लंडमध्ये बहुतेक बसचं एकेरी भाडं सध्या ३ पौंडांच्या वर जात नाही. रेल्वेची तिकिटं मात्र आधी काढलेली बरी, ऐनवेळी दर डोळे पांढरे करतात.

घर शोधताना ‘सहा जणांसाठी’ असं लिहिलेलं असलं तर त्यातले दोघं बैठकीतल्या सोफा-कम-बेडवर धरलेले असतात. माणसं मोजू नका, झोपायच्या खोल्या मोजा. गावातली बरीचशी अपार्टमेंट म्हणजे जुन्या दगडी घरांचे वरचे मजले. जिना अरुंद आणि उभा, लिफ्ट नाही. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर तळमजलाच मागा. चादरी बहुधा मिळतात, टॉवेल मिळतीलच असं नाही.

आता शेगडी. गॅस क्वचितच असतो. इंडक्शन असेल तर घरून नेलेला ॲल्युमिनियमचा कुकर निव्वळ ओझं. बुडाला लोहचुंबक चिकटत नसेल तर तो भांड्यासकट घरीच ठेवा आणि इंडक्शनला चालणारा तीन लिटरचा स्टीलचा कुकर न्या. काचेची सिरॅमिक शेगडी असेल तर ॲल्युमिनियम चालतं, पण बूड सपाट हवं. खोलगट तवा किंवा गोल बुडाची कढई तिथे जेमतेम मध्यभागी तापते. ही शेगडी आच कमी करण्यासाठी आपोआप बंद-चालू होत राहते आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम असते. दूध उतू जाऊ द्यायचं नसेल तर भांडं उचलूनच बाजूला ठेवा. फुलके विसरा, सपाट फ्राइंग पॅनवर घडीची पोळी मात्र छान होते.

फोडणीचं वेगळं शास्त्र आहे. स्वयंपाकघरातला अलार्म बहुधा उष्णतेवर चालतो, पण बाहेरच्या पॅसेजमधला धुरावर. मोहरी-मिरचीचा धूर तिथवर पोचला की सगळी इमारत जागी होते. वरचा एक्झॉस्ट अनेकदा हवा बाहेर टाकतच नाही, कोळशाच्या जाळीतून गाळून परत खोलीतच सोडतो. म्हणून दार बंद, खिडकी उघडी, तेल कमी तापवायचं. आणि हळद! पांढऱ्या ओट्यावर पडली तर तत्क्षणी पुसा. आपल्याकडे डाग उन्हात उडतात, इथे त्यासाठी ऊन कुठून आणायचं?

डाळ, पीठ, सुके मसाले भारतातून नेता येतात. खव्याचे पेढे, तूप, पनीर असे दुधाचे पदार्थ आणि मांस ब्रिटनमध्ये आणायला मनाई आहे, विमानतळावर काढून घेतात. मोठी खरेदी पेनरिथला उतरल्यावरच उरकावी. रविवारी इंग्लंडमधली मोठी दुकानं सलग सहा तासच उघडी असतात, तीही दहा ते सहाच्या दरम्यान.

न्हाणीघराच्या जमिनीला मोरी नसते. बाहेर सांडलेलं पाणी थेट खालच्या घराच्या छतातून ठिबकतं आणि भरपाई तुमच्या माथी येते. अंघोळ टबच्या आतच, पडदाही आत सोडून. टॉयलेटला जेट नसतो, प्लास्टिकचा मग बॅगेत असू द्या. गरम पाणी येत नसेल तर तक्रारीआधी बाहेर किंवा छताला लोंबणारी दोरी ओढून बघा, शॉवरचं बटण तेच असतं.

आणि कपडे वाळवणं. केझिकपासून पंधराएक किलोमीटरवरचं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वाधिक पावसाचं वस्तीचं ठिकाण, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथे २४ तासांत ३१६ मिलिमीटर पाऊस पडला होता. केझिकला त्याहून बराच कमी पडतो, पण कुठल्याही महिन्यात पडतो. वॉशर-ड्रायर असेल तर एक लक्षात घ्या: सात किलो धुणारं यंत्र जेमतेम चार-पाच किलो वाळवतं. ड्रम भरून लावलं की चार तासांनी कपडे गरम आणि ओले बाहेर येतात. निम्मे काढून घ्या, मग वाळवा. बूट रेडिएटरवर ठेवू नका, तळव्याचा गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला.

पावसाचा अंदाज बघताना केझिकचा आणि दक्षिणेकडच्या बॉरोडेल खोऱ्याचा वेगवेगळा बघा. खोऱ्यात धो-धो असताना गावात नुसती भुरभुर असते. अशा दिवशी केझिकहून थ्रेल्केल्ड गावापर्यंतची जुनी रेल्वेवाट उत्तम. ही लाइन १९७२ मध्ये बंद झाली, डिसेंबर २०१५ च्या वादळात वाट वाहून गेली आणि २०२० च्या डिसेंबरात पुन्हा खुली झाली. पाच किलोमीटर, सपाट, बाबागाडी आणि व्हीलचेअर दोन्ही चालतात. परत बसने या. कासलरिगचं पाच हजार वर्षांपूर्वीचं पाषाणवर्तुळ गावापासून अडीच किलोमीटर, चढ आहे, प्रवेश फुकट.

स्वच्छ दिवस कॅटबेल्स डोंगरासाठी राखून ठेवा. उंची ४५१ मीटर, पण माथ्याजवळ हात टेकून चढायचे खडक आहेत आणि ओले असले की निसरडे. डरवेंटवॉटरवरच्या लाँचने हॉज एंडच्या धक्क्याला उतरून चढायला सुरुवात करा, परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ जेटीवरच बघून घ्या. नेच्यातून चालल्यावर मुलांचे गुडघ्यामागचे भाग आणि केसांची मुळं तपासा. गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. डोंगरात अडचण आली तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं.

गाडी घेणारच असाल तर भारतीय परवाना पाहुण्यांना १२ महिने चालतो. १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, जे आधी होईल तोवर मुलांना चाइल्ड सीट लागते. नॅव्हिगेशन जवळचा म्हणून हार्डनॉट घाटातून नेतं, तो रस्ता निमूट टाळा. एका गाडीपुरता रस्ता आणि ३३ टक्क्यांचा चढ. आपल्या घाटांत मुरलेल्यांनीही इथे शहाणपण शिकवू नये. खेड्यातल्या एका पिनकोडखाली दूरदूरची घरं येतात, म्हणून घरमालकाकडून नेमकी खूण मागून घ्या.

बहुतेक घरं दुपारी चारला मिळतात आणि सकाळी दहाला सोडावी लागतात. किल्ली दाराजवळच्या आकड्यांच्या छोट्या तिजोरीत असते. तो आकडा निघण्याआधीच कागदावर लिहून घ्या, कारण दारात मोबाइलला रेंज असेलच असं नाही. बटणं दाबताना आधीचा चुकलेला आकडा पुसायची कळ ओढायला विसरलात तर बरोबर आकडाही लागत नाही. सोडताना भांडी धुऊन, कचरा ओला-सुका नाही तर काच, कागद, प्लास्टिक असा वेगळा करून ठेवावा. किल्ली आत टाकल्यावर तिजोरीचं झाकण नीट बंद झाल्याची खात्री करा. पेनरिथची गाडी दुपारी एकच्या पुढची घ्या, म्हणजे एखादी बस चुकली तरी आरक्षण बुडत नाही.