आमची वाटचाल: दोन चुली, एक कोड

२००९ साली कोथरूडला दोन खोल्यांत आम्ही गाड्यांच्या मीटरचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. मीटर म्हणजे स्टिअरिंगमागचा डिस्प्ले: स्पीड, आरपीएम, डिझेल, लाल-पिवळे दिवे. नवं गिऱ्हाईक आलं की जुन्याचा फोल्डर कॉपी करायचा, नाव बदलायचं आणि कामाला लागायचं. पोट भरायचं होतं, डिझाइन कोण बघतो! काही वर्षांत असे १४ फोल्डर साठले. चूक सापडली की १४ ठिकाणी दुरुस्त करायची, आणि व्हायची १३ ठिकाणी.

२०१८ मध्ये भोसरीच्या एका मित्राची फर्म आमच्यात आली. त्यांचं सगळं काम ट्रॅक्टरच्या मीटरचं. घर एक झालं, पण चुली दोनच राहिल्या. पुढच्या वर्षी म्हटलं, दोन्ही कोड एक करू. सहा महिन्यांचं काम, असा माझा अंदाज. (माझे अंदाज ही ऑफिसात चेष्टेची बाब आहे.)

पहिला दणका टेस्टिंगच्या टेबलावरच बसला. ट्रॅक्टरच्या मीटरला सिम्युलेटरवरून ताशी ३२ किलोमीटरचा वेग दिला, तर स्क्रीनवर ८२ आणि बझर सुरू! 'व्हेइकल स्पीड' हे नाव दोन्ही कोडमध्ये एकच होतं. पण ट्रॅक्टरकडे जे-१९३९ चा (ट्रक-ट्रॅक्टरसारख्या जड गाड्यांतल्या संदेशांच्या स्टँडर्डचा) हिशोब: एक काउंट, म्हणजे मीटरला येणाऱ्या आकड्यातला एक, हा ताशी एक किलोमीटरचा २५६ वा भाग. आमच्या मोटारींकडे एक काउंट म्हणजे शंभरावा भाग. ३२ गुणिले २५६ म्हणजे ८१९२. मोटारीच्या कोडने ते ८१.९२ वाचलं. वर १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना ८० च्या पुढे बझर सक्तीचा झालेला, तो आम्ही हौसेने दोघांच्या सामायिक कोडमध्ये टाकून ठेवलेला. ट्रॅक्टरवाल्याला त्याचं काय करायचंय?

दुसरी गोष्ट जास्त लागली. डिझेलचा काटा फार हळू हलवणारा एक तुकडा भोसरीच्या कोडमध्ये होता. कॉमेंट एका ओळीची नाही. आमच्या पोराने 'डुप्लिकेट' म्हणून उडवला. भोसरीचे टेस्टिंगवाले काका म्हणाले, "अरे बाबा, नांगरताना ट्रॅक्टरचं एक चाक सरीत असतं. टाकीत डिझेल हिंदकळतं. काटा नाचला की शेतकरी फोन करतो." तुकडा परत आला, कॉमेंटसकट.

मग १ एप्रिल २०२० ची बीएस-६ ची (गाड्यांच्या धुराच्या नव्या नियमांची) धावपळ आली आणि पाठोपाठ लॉकडाऊन. त्या बंद दिवसांत आम्ही एक्सेलची शीट केली: आडव्या ओळीत फीचर, उभ्या रकान्यात गिऱ्हाईक. कुणाला काय हवं, कोणत्या युनिटमध्ये, आणि का. 'का' चा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ गेला. निम्म्या उत्तरांसाठी काकांनाच फोन.

सगळंच एक करायचा हट्ट मात्र सोडला. चालू मॉडेलच्या गिऱ्हाईकाला हात लावायचा नाही, कारण कोड बदलला की त्याला सगळ्या टेस्ट पुन्हा करायला लागतात आणि तो बिल आपल्याकडे बघत बघत भरतो. नवं काम तेवढं सामायिक कोडवर, फीचर सेटिंगने चालू-बंद.

सहा महिन्यांची जवळजवळ तीन वर्षं झाली. जुन्यातले तीन फोल्डर अजून जिवंत आहेत. त्यातल्या एकाचं मीटर स्पेअर म्हणून अजून मागतात. त्यात काही दुरुस्ती आली, तर ती अजूनही हातानेच करतो.