बघून आलास का ऐकून?

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं आणि खरं सांगतो, त्या दिवशी ऑफिसात कामात लक्ष लागेना. शाळेबद्दल सगळंच लिहायचं होतं, पण पेन हातात घेतलं की बाईच समोर येतात. कुठल्या बाई हे आपल्या औदुंबर-अंकलखोपच्या माणसाला सांगायला नको.

श्रावणात कृष्णामाई वाढायला लागली की बाईंचा पहिला प्रश्न हजेरीच्या आधी असायचा, घाटाच्या किती पायऱ्या उघड्या हायत? उत्तर दिलं की लगेच दुसरा, "बघून आलास का ऐकून?" बघून आला असेल तरच आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहायच्या, शेजारी वेळ.

एकदा मी म्हटलं सात, माझ्याआधी आलेला एकजण म्हणत होता नऊ, आणि दोघंही बघूनच आलेलो त्यामुळे कोणी मागं हटेना. बाईंनी गणिताचं पुस्तक मिटलं, कुणी छत्री घेतली कुणी पोत्याची खोळ, सगळा वर्ग दत्ताच्या देवळाकडं, घाटावर. आम्हाला वरच भिंतीला टेकून उभं केलं आणि स्वतः पुढं होऊन मोजलं तर सहा! मागं वळून म्हणाल्या, दोघंबी खरं बोललात रं, पाणी चढतंय. मग तिथंच पावसात, तासाला किती पायऱ्या हे गणित. आयुष्यात मला इतकं लख्ख परत कधीच काही कळलं नाही.

संक्रांतीला सदानंद साहित्य मंडळाच्या संमेलनालाही बाईच न्यायच्या. १९३९ मध्ये एवढ्याशा गावात हे मंडळ निघालं, कवी सुधांशु आपल्याच गावचे, याचा बाईंना कोण अभिमान! मोठमोठे लेखक बोलायचे आणि आम्ही तिळगूळ खात सतरंजीवर.

आज मी पाण्याच्याच खात्यात आहे, सबडिव्हिजन सांभाळतो. २०१९ च्या महापुरात कोयना धरणाचा विसर्ग, मग नदीनं खाली येत कऱ्हाड, बहे, ताकारी, भिलवडी, सांगलीचा आयर्विन पूल असे आकडे रात्रंदिवस बघत होतो, आयर्विनला ४५ फूट धोक्याची पातळी आणि पाणी गेलं ५७ च्या वर. फोनवर तर कायकाय फिरत होतं, धरण फुटलं इथपर्यंत. प्रत्येक फोनला मी एकच विचारायचो, बघितलंस का ऐकलंस? ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली, ते मात्र खरं निघालं. आपल्याच पट्ट्यातली माणसं गेली, त्याबद्दल अजून लिहवत नाही.

आता गावात गेलो की वाईट वाटतं. मगरींच्या भीतीनं पोरं नदीकडं फिरकत नाहीत, ते बरोबरच आहे म्हणा, पण पाणी किती हे सुद्धा मोबाईलवर बघतात, घाट दोन मिनिटांवर असून. नदीपलीकडं भुवनेश्वरी देवीच्या देवळाला नावेतून जाताना नावाडीकाका पाण्याचा रंग बघून वर कुठं पाऊस झाला ते सांगायचे, ते आता कोण ऐकणार.

समितीला एक विनंती आहे. शाळेच्या भिंतीवर पाण्याच्या रोजच्या नोंदीसाठी एक पक्का फळा करूया, रोज दोन मुलांनी मोठ्या माणसाबरोबर जाऊन लांबूनच बघून यायचं आणि वेळेसकट लिहायचं. खर्च सगळा माझा. पहिला आकडा बाईंच्या हातचा पाहिजे, त्या आता लेकाकडं मिरजेला असतात, गुडघे दुखतात म्हणून येणार नाही म्हणतील तर गाडी घेऊन मी स्वतः जातो, फक्त तारीख कळवा.