रोडग्याच्या पंगतीत जॉन स्टॉकटन

आमच्या ऑफिसात साठीचा एक माणूस आहे. १५,८०६ हा आकडा तो रोज एकदा तरी उच्चारतो. आपल्याकडचा म्हातारा कास्तकार वावराचा गट नंबर सांगतो तसा, कोणी विचारलेलं नसताना. बास्केटबॉलपटू जॉन स्टॉकटनने आयुष्यात दिलेल्या असिस्टचा, म्हणजे ज्यावर दुसऱ्याने लगेच बास्केट केलं अशा पासचा, हा आकडा. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, आजवर कोणी त्याच्या जवळपासही पोचलेलं नाही. मी सॉल्ट लेक सिटीत राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात, बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत हीटरची घरघर असताना, या माणसाने मला बास्केटबॉल शिकवलं. म्हणजे खरं तर स्टॉकटन शिकवला. बाकीचं मी रात्री जागून स्वतः शिकलो आणि शिकल्यावर त्याच्याशीच भांडायला लागलो.

इथल्या स्टेडियमबाहेर स्टॉकटन आणि त्याचा संघातला जोडीदार कार्ल मेलन या दोघांचे पुतळे आहेत. मागच्या डिसेंबरात गावी गेलो तेव्हा त्यांच्यासोबत काढलेला फोटो घरी दाखवला. मोठेबाबांनी चष्मा वर-खाली करत तो पाहिला. "हे कोन पैलवान? बनियनवरच हायेत." आपल्याकडे पुतळा म्हणजे कोट, टोपी, निदान फेटा तरी. चड्डी-बनियनवरच्या माणसाला कोणी चौकात उभं करतं हे त्यांना पटेना.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. त्या दिवशी वावरात रोडगे, म्हणजे आरावर भाजलेले कणकेचे गोळे होते, मारोतीचा नवस. तूर शेंगांवर आलेली, पऱ्हाटीची दुसरी वेचणी उरकलेली. गोवऱ्यांच्या आरावर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, रोडगे उलटेपालटे करत होता, बाजूच्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. पुतण्याने मोबाइल टेकवायला तुरीच्या बांधावर दगडांची उतरंड लावली. आमच्याकडे रेंज येते ती तेवढ्या जागीच. युटात संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेसातला दिसतो, त्यामुळे अकरावीतला हा पोट्टा कॉलेजला जायच्या आधी स्टीफन करी पाहून जातो. इंग्रजीचा तास बुडतो तो वेगळा.

"काका, खरं सांगा, सगळ्यात मोठा पॉइंट गार्ड कोन?"

मोठेबाबांना आधी पॉइंट गार्ड म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. एका बाजूला पाच गडी. चेंडू हातात आला की २४ सेकंदांच्या आत रिंगकडे मारायचा, त्यातल्या पहिल्या ८ सेकंदांत मैदानाची मधली रेघ ओलांडायची. एवढ्या वेळात चेंडू घेऊन पुढे जाणारा, कोण मोकळा आहे, कोणाचा हात आज चालतो आहे, कोण थकला आहे हे हेरून योग्य माणसाला योग्य क्षणी चेंडू देणारा जो असतो तो पॉइंट गार्ड. त्याने दिलेल्या चेंडूवर दुसऱ्याने लगेच बास्केट केलं तर याच्या नावावर एक असिस्ट.

"म्हंजे वाढप्या," मोठेबाबा म्हणाले.

मी गप्प. इतक्या वर्षांत मला हा शब्द सुचला नव्हता. आणि सांगणारा माणूस साधा नव्हता. चौऱ्याहत्तर वर्षांचे मोठेबाबा आजही गावातल्या लग्नात वरणाची बादली दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. कोणाच्या पत्रावळीवर भात उरला आणि वरण संपलं, कोण लाजेकाजेने 'बस' म्हणतो आहे आणि कोणाचं खरंच पोट भरलं आहे, हे त्यांना चालता चालता कळतं. शेवटच्या पंगतीत बसलो तरी वाढणारा ओळखीचा असावा असं म्हणतात ना, तो ओळखीचा माणूस म्हणजे आमचे मोठेबाबा.

तर मग वाद वाढप्यांचा झाला.

मी मॅजिक जॉन्सनच्या बाजूचा. उंची ६ फूट ९ इंच. एवढ्या उंचीचा माणूस एरवी रिंगखाली उभा राहतो, हा मात्र चेंडू घेऊन पळायचा आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून पाहून पास द्यायचा. त्याच्या लेकर्स संघाला पाच अजिंक्यपदं, सामन्यामागे सरासरी ११.२ असिस्ट, आणि ही सरासरी इतिहासातली सगळ्यात मोठी. पण मला भुरळ घातली ती १९८० च्या गोष्टीने. अंतिम मालिका, सहावा सामना. संघाचा आधारस्तंभ करीम अब्दुल-जब्बार घोटा मुरगळून घरी बसलेला. वीस वर्षांचा, पहिल्याच मोसमातला मॅजिक त्याच्या जागी सेंटर, म्हणजे रिंगखालचा गडी, म्हणून उभा राहिला आणि ४२ गुण, १५ रिबाउंड (हुकून उसळलेला चेंडू पकडणं), ७ असिस्ट करून पद घेऊन आला.

"आचारी आला नाही म्हनून वाढप्यानंच रांधलं," मोठेबाबांनी मान डोलावली. "बरा हाये हा."

पुतण्या उसळला. त्याचा करी २०१५-१६ च्या एका मोसमात ४०२ थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांचे बास्केट, मारून गेला, तोवर कोणाला तीनशेही जमले नव्हते. त्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडूचं एकूण एक मत त्याला मिळालं, एनबीएत असं पहिल्यांदाच घडलं. चार अजिंक्यपदं आहेत. "पन तो तं सोताच जेवते ना बे," माझा चुलतभाऊ म्हणाला, आणि सगळे हसले. ऑफिसातला माणूस नेमकं हेच म्हणतो, फक्त इंग्रजीत. मीही बरेच दिवस तेच मानत होतो. पण पुतण्याने बांधावरच्या मोबाइलवर एक खेळी थांबवून दाखवली. करी रिंगपासून तीस फुटांवर, हातात चेंडूही नाही, तरी दोन गडी त्याला चिकटलेले. म्हणजे उरलेल्या चौघांसमोर तिघेच. एक जण मोकळा सुटला, चेंडू त्याच्याकडे गेला, बास्केट झालं. "आता सांगा, हे वाढलं कोनं?" असिस्टच्या रकान्यात करीचं नाव नव्हतं. मोठेबाबांनी ते चित्र दोनदा पाहायला मागितलं आणि काही बोलले नाहीत. ते काही बोलत नाहीत म्हणजे समोरच्याने अर्धा डाव जिंकला असं घरात समजतात.

चुलतभाऊ कबड्डीतला. गुडघा गेला तोवर तालुका गाजवलेला. त्याला डेट्रॉइटचा आयझेया थॉमस आवडणार हे मला आधीच ठाऊक होतं. १९८८, पुन्हा अंतिम मालिकेचा सहावा सामना. घोटा असा मुरगळलेला की धड चालता येईना, आणि लंगडत लंगडत एका क्वार्टरमध्ये २५ गुण. डेट्रॉइट एका गुणाने हरलं, मग सातवा सामनाही हरलं. पुढची दोन वर्षं, १९८९ आणि १९९०, पद त्यांचंच. "हारला तोच सामना सांगतेत लोक," चुलतभाऊ गुडघ्यावर हात फिरवत म्हणाला. नॅश, किड, क्रिस पॉल या आणखी पॉइंट गार्डांची नावं मी मधे टाकून पाहिली, पण तोवर वांग्याच्या वासाने सगळ्यांचं लक्ष गंजाकडे गेलं होतं.

जुन्या काळच्या ऑस्कर रॉबर्टसनचं नाव मी नुसतं आकड्यांसाठी काढलं होतं. १९६१-६२ च्या अख्ख्या मोसमात त्याची सामन्यामागे सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट. तिन्ही रकान्यांत दहाच्या वर सरासरी पुढे पंचावन्न वर्षं कोणाला जमली नाही, २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रूकला जमली. हे आकडे कोणी फार मनावर घेतले नाहीत. मग मी ओघात सांगितलं की खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष असताना रॉबर्टसनने १९७० मध्ये एनबीएवर खटला भरला होता. तेव्हा करार संपला तरी खेळाडूला आपल्या मर्जीने दुसऱ्या संघात जाता येत नसे, संघाचा हक्क सुटतच नसे. १९७६ मध्ये तडजोड झाली आणि तो रस्ता उघडायला लागला.

आराजवळून सालदाराने पहिल्यांदा मान वर केली. "म्हंजे साल सरलं तरी मालक सोडे नाही?"

"नाही."

"आमी तं पाडव्याले सुटतो." त्याने एक रोडगा उलटला, राख झटकली. "जमलं तं राह्यतो, नाही तं दुसरा वाडा."

चुलतभाऊ जरा सावरून बसला, कारण सालदार त्याचाच आणि पाडवा तीन महिन्यांवर. इतका मोठा खेळाडू, हजारो लोक टाळ्या वाजवतात, आणि त्याला आपल्या सालदाराएवढीही मोकळीक नव्हती, हे मोठेबाबांनी पुन्हा पुन्हा विचारून पक्कं करून घेतलं. "मंग वाढप्यांमधी तोच मोठा," ते म्हणाले. "बाकीच्यायनं चेंडू वाढला, यानं पगार वाढला." मराठीत या दोन्ही 'वाढला'ची गंमत किती चोख बसते ती सॉल्ट लेकच्या माणसाला कशी समजावणार?

जेवणं झाली. स्टॉकटनचा वकील म्हणून मीच उरलो होतो, तेव्हा इमानाने त्याचीही बाजू मांडली. मेलन आडवा उभा राहायचा, स्टॉकटनच्या मागावरचा गडी त्याला अडकायचा, तेवढ्यात मेलन वळून रिंगकडे निघायचा आणि चेंडू त्याच्या हातात पडायचा. अठरा वर्षं हाच खेळ. सगळ्यांना माहीत, तरी कोणाला थांबवता येत नसे. १९९७ मध्ये ह्यूस्टनविरुद्ध शेवटच्या क्षणी स्टॉकटनने स्वतः थ्री मारला आणि त्याचा संघ युटा जॅझ पहिल्यांदा अंतिम फेरीत गेला. तिथे आणि पुढच्या वर्षीही शिकागोने हरवलं. अजिंक्यपद एकही नाही.

"एकाच पत्रावळीवर जास्त वाढलं त्यानं," मोठेबाबांनी निकाल दिला. इथे परत आल्यावर ऑफिसातल्या माणसाला मी हा आक्षेप ऐकवला. तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

पण वावरातली शेवटची गोष्ट राहिली. भांडी आवरता आवरता मी सहज म्हटलं, की हा गडी १९ मोसम खेळला, सगळे एकाच संघाकडून, आणि एवढ्या वर्षांत त्याचे फक्त २२ सामने चुकले.

"२२ खाडे?" चुलतभाऊ ताडकन उठून बसला. "१९ सालात? असा गडी कोनाले भेटते, बाप्पा!" आणि त्याने सालदाराकडे पाहिलं.

सालदार गंज घासत होता. त्याने हात थांबवला नाही. "त्याचा मालकबी पाहा ना मंग, भाऊ," तो म्हणाला. "मालक बरा असल्याबिगर कोनी १९ साल राह्यते का?"