फॉर्ममध्ये न विचारलेलं

शनिवार, रात्र

आज फिजिओथेरपीला गेले होते तर मॅडमनी परत तो फॉर्म भरून घेतला. ऑस्वेस्ट्री म्हणतात त्याला, इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव आहे, 1980 साली पहिल्यांदा छापून आला आणि अजूनही पाठीच्या पेशंटला जगभर हाच देतात. दहा प्रश्न, प्रत्येकाला सहा पर्याय, शून्य ते पाच मार्क, सगळ्यांची बेरीज करून दुप्पट केली की आली तुमची टक्केवारी. इथं जास्त टक्के म्हणजे जास्त त्रास. मला 34 आले. पाठीच्या ऑपरेशनच्या आधी सत्तरच्या वर होते त्यामुळे मॅडम एकदम खूश, चाळीसच्या आत आलात म्हणाल्या, म्हणजे मध्यम. मलाही बरं वाटलं, का नाही वाटणार, एक काळ असा होता की कूस बदलायला सुद्धा नवऱ्याला हाक मारावी लागायची.

पण घरी येताना रिक्षात तेच डोक्यात फिरत होतं. बसण्याचा जो प्रश्न आहे ना त्यात खुर्चीचंच विचारलंय. कुठल्याही खुर्चीत हवा तेवढा वेळ बसू शकते, फक्त आवडत्या खुर्चीत बसू शकते, एक तासाच्या वर नाही, अर्ध्या तासाच्या वर नाही वगैरे. मी खुर्चीत तासभर बसते, छान बसते. जमिनीचं कुणी विचारतच नाही. आणि माझं अख्खं आयुष्य तर जमिनीवर गेलंय! पहिलीचा वर्ग आहे माझ्याकडे, जिल्हा परिषदेची शाळा, पोरांच्यात सतरंजीवर मांडी घालून बसायचं, मणी मोजायचे, पाटीवर हात धरून अक्षर गिरवून घ्यायचं, भांडण झालं की दोघांना दोन मांड्यांवर घ्यायचं. ती मांडी गेली. एल फोर एल फाइव्हला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याला, स्क्रू आणि रॉड आहेत, मधे गादीच्या जागी आधाराला केज आहे, डावं पाऊल वर उचलत नाही म्हणून पिंढरीपासून पंजापर्यंत प्लॅस्टिकचा स्प्लिंट, एएफओ म्हणतात तो. खाली बसायचं म्हणजे आधी स्टूल धरायचं, मग उजवा गुडघा टेकायचा, मग सावकाश एका कुशीवर, आणि उठताना हेच सगळं उलट्या क्रमाने. तोवर पोरांचे मणी सांडून झालेले असतात.

शाळेत परत रुजू झाले तेव्हा पोरं पहिल्यांदा खुर्चीच्या भोवती जमली आणि एक जण खाली बसून माझा स्प्लिंट बोटाने वाजवून बघत होता, टक टक टक, मग वर बघून म्हणाला "बाई, ह्यो काढल्यावर पाय पडतोय का?" मी म्हटलं पडत नाही, पण बोटं खाली लोंबतात, चालताना अडखळायला होतं. त्याला ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून मी उठले की तो माझ्या वाटेतली दप्तरं बाजूला सरकवायचा, कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या माणसांना एवढं समजवायला मला फार वेळ लागतो.

कारण दिसत नाही ना काही. ड्रेसच्या आत स्प्लिंट, ब्लाउजच्या खाली टाके. "आता बरी दिसतेस की", "ऑपरेशन सक्सेस झालं ना मग झालं तर". एसटीची पहिली पायरी केवढी उंच असते हे मला आत्ता कळतंय, दांडीला लटकून डावा पाय वर ओढून घ्यायचा आणि मागून लोक "चला चला पुढं". पुढच्या राखीव सीटवर बसले तर बघतात माझ्याकडे. त्यांचाही दोष नाही म्हणा.

आणि ज्याचा त्या दहा प्रश्नांत उल्लेखच नाही ते सगळ्यात मोठं. लघवी. हे लिहिताना अजून हात अडखळतो पण लिहायचंच असं ठरवलंय, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं आणि बायका तर मुळीच बोलत नाहीत. दोन मणक्यांमधली माझी गादी नुसती सरकली नव्हती, मोठा तुकडा सुटून खालच्या सगळ्या नसांवर एकदम दाबला गेला. पाठीचा मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कंबरेच्या मणक्यापाशीच संपतो, त्याच्या खाली नसांचा जुडगाच असतो आणि त्यातूनच पाय, लघवी, संडास, सगळं चालतं. कॉडा इक्विना सिंड्रोम. एका दवाखान्यात सायटिका म्हणून इंजेक्शनं चालली होती. मग एका संध्याकाळी बसायची जागा बधीर झाली, धुताना हाताला लागत होतं पण तिथं कळत नव्हतं, आणि लघवी भरून आल्यासारखं वाटूनही होईना. ऑपरेशन तातडीने झालं, सर्जनांनी त्यांच्या बाजूने सगळं केलं, पाय बराचसा वाचला, पण लघवीच्या नसा तितक्या सुधारल्या नाहीत. म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकीला सांगते, नुसती कंबर दुखली तर घाबरू नका, पण दोन मांड्यांच्या मधे बधीरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, दोन्ही पायांत कळ किंवा कमजोरी आली, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री मोठं हॉस्पिटल, एमआरआय. दाब जितका लवकर निघेल तितकं जास्त वाचतं.

आता मी दर चार-पाच तासांनी लघवीची नळी (कॅथेटर) घालते. स्वतःची स्वतः. सुरुवातीला आरसा लागायचा, आता हातालाच कळतं. हात साबणाने धुवायचे, नळी घालायची, रिकामं करायचं, नळी काढायची, एवढंच. जमायला लागलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी जगेन, म्हणजे नुसती जिवंत राहणार नाही, तर नोकरीला जाईन, लग्नाला जाईन, भावाकडे राहायला जाईन. पायाच्या ताकदीचा ग्रेड (पाचपैकी मोजतात) तीनचा चार झाला त्या दिवशीसुद्धा एवढं वाटलं नव्हतं. पण त्यासाठी लागतं काय तर कडी असलेलं दार, वाहता नळ, आणि कमोड. शाळेत भारतीय संडास आहे, नळाला पाणी येतं तेव्हा येतं. म्हणून मी सकाळी पाणीच पीत नव्हते. मॅडम रागावल्या, बरोबर आहे त्यांचं, पाणी कमी पिऊन इन्फेक्शन झालं आणि ताप आला दोनदा. पाणी तोडायची सवय तर सगळ्या बायकांनाच असते, माझ्या शरीराला आता ते परवडत नाही एवढंच.

गौरीला आईंनी (सासूबाईंनी) काय केलं ते लिहायचं राहिलं होतं. दरवर्षी पुरण वाटायला, लाटायला आम्ही दोघी खाली बसायचो. ह्या वर्षी मी जाऊन बघते तर पोळपाट टेबलावर, गॅस टेबलाच्या उंचीला, आणि आई स्वतः उभ्या. वय सत्तरच्या पुढं. मी म्हटलं आई तुम्ही तरी खाली बसा, तर म्हणाल्या, "तू खाली नाहीस तर मी एकटी खाली बसून काय करू, बोलायला कोण माझ्याशी." उभ्याने लाटलेल्या पोळ्या पहिल्या दोन फाटल्या, नंतर मस्त झाल्या.

दिव्यांग सर्टिफिकेटचं काम चालू आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केलाय, सिव्हिल हॉस्पिटलला डॉक्टरांच्या बोर्डापुढं जायचंय. तिथं परत टक्के, पण वेगळे, 40 किंवा त्याच्या वर आलं तर कायद्याने फायदे मिळतात. पायाची ताकद, सांध्याची हालचाल हे मोजता येतं. रात्री दोनला कंबरेतून उठणारी जी कळ आहे ती मोजायला कुठलं यंत्र आणणार.

शाळेत एक जण परवा मला म्हणाले, चांगल्या मनाने म्हणाले हे मान्य, की व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घ्या, कशाला ओढाताण. मला फार लागलं ते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 20 आहे, सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही, ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. मी ते छापून पर्समध्ये ठेवलंय. आणि मला दुसरं काम नकोच आहे, मला पहिलीच हवी.

मुरलीकांत पेटकरांचा फोटो मला आत्तापर्यंत अनेकांनी पाठवला. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक. मी पोरांना त्यांची गोष्ट सांगते, मनापासून सांगते. फक्त पाठवणाऱ्यांनी हेही बघावं की त्यांना जखमेनंतर सैन्याचे उपचार मिळाले, पोहायला पाणी मिळालं. आमच्याकडे टाके काढले की हातात व्यायामाचा एक कागद देतात आणि घरी पाठवतात. फिजिओसाठी मी तालुक्याला जाते कारण माझा पगार आहे. खुरपणीला जाणारी बाई काय करेल? तिचा रोज कोण भरून देणार? ह्या विचाराने मला खरंच झोप लागत नाही कधीकधी.

तर अर्ज लिहून झालाय. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, त्यातून शाळेच्या संडासात एक कमोड, भिंतीला धरायला स्टीलची दांडी आणि टाकीतून थेट नळ मागितलाय. शाळेत मतदान असतं म्हणून रॅम्प झालाय, त्याच्या पुढं कुणी विचार केला नाही. चौथीत एक मुलगी आहे पायाला आधाराचा कॅलिपर लावणारी, तिलाही होईल, मतदानाला येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांनाही होईल. आईंनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, कडी आतून लागेल असं पण लिही, ते राहिलंय. लिहिलं. ग्रामसेवक भाऊसाहेब सोमवारी सकाळीच सापडतात, मग मीटिंगला जातात, त्यामुळे परिपाठ झाला की लगेच गाठायचं त्यांना, आणि पोचपावती घेतल्याशिवाय उठायचं नाही.