पाण्यात न विरघळलेली पापडी

मे महिन्यात लोणारच्या विवरात उतरायचं तर पहाटेच. वनखात्याचं परवानगीपत्र, नमुन्यांच्या बाटल्या आणि सामू (pH) मोजायचं यंत्र घेऊन आम्ही तिघं धारेच्या, म्हणजे तिथल्या गोड्या झऱ्याच्या, वाटेनं उतरलो. काठावर सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या वर भरला, म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी. धारेचं गोडं पाणी जिथे सरोवराला मिळतं, तिथल्या गोट्यांवर मात्र पांढरट कवच चढलेलं होतं. आम्लाचा थेंब टाकला, फसफसलं. वहीत लिहिलं : सोड्याचा खार.

सोबतच्या वाटाड्या काकांनी कवचाचा तुकडा हातात घेतला. त्यांच्या आजोबांनी या सरोवरातून खार काढलेला. दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी ही खारांची नावं त्यांना घरातूनच ठाऊक. त्यांनी तुकडा प्यायच्या पाण्यात टाकला, बराच वेळ ढवळला.

"ताई, पापडी पान्यात इरघळते. हे इरघळत नाई."

मी वहीतली ओळ खोडली. आम्लानं सोड्याचा खार आणि चुनखडी दोन्ही फसफसतात. पण सोड्याचा खार पाणी आटलं की बसतो आणि पाणी मिळालं की परत जातो. हे कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे चुनखडीचं होतं. सरोवराच्या पाण्यात कार्बोनेट भरपूर, कॅल्शियम नावालाच. येईल तेवढं लगेच खाली बसतं. इथे ते झऱ्यानं आणून दिलं होतं.

एवढ्यावर सगळं रसायनशास्त्रच झालं असतं. पण कवचाच्या तुटक्या कडेला पांढरी रेघ, हिरवी रेघ, पुन्हा पांढरी असे पदर दिसत होते. संध्याकाळी मुक्कामी मी एक तुकडा पातळ आम्लात ठेवला. फसफस थांबली, दगड गेला, आणि तळाशी राहिली एक बुळबुळीत साय. तुकड्याचे उंचवटे, खळगे, सगळं तिच्यात जसंच्या तसं. सूक्ष्मदर्शकाखाली ती साय म्हणजे सायनोबॅक्टेरियाच्या, म्हणजे उन्हावर जगणाऱ्या जिवाणूंच्या, तंतूंचं दाट विणकाम होतं. दुसऱ्या, आम्ल न लावलेल्या तुकड्यात खनिजाचे कण त्याच चिकट्यात रुतलेले. मी तासभर डोळा काढला नाही.

उन्हात हे जीव पाण्यातलं बायकार्बोनेट ओढून घेतात, त्यामुळे त्यांच्या अगदी लगतचं पाणी आणखी अल्कधर्मी होतं. त्यांचा चिकटा कॅल्शियम धरून ठेवतो. पुढे इतर जिवाणू तो चिकटा खातात, कॅल्शियम सुटतं आणि तिथेच कण बसतो. इतक्या खाऱ्या पाण्यात कार्बोनेट जिवाणूंवाचूनही बसलं असतं, हे मान्य. पण ते गाळ होऊन पसरलं असतं. त्याचं कवच झालं, पदर पडले, ते या जिवांमुळे, असं माझं ठाम मत आहे. तुर्कस्तानातल्या वान सरोवरात तळाच्या झऱ्यांतून कॅल्शियम येतं, आणि तिथे अशाच जिवांच्या साथीनं ४० मीटर उंचीचे कार्बोनेटचे मनोरे उभे राहिलेत. आमचं कवच नखाएवढं जाड. पण मांडणी तीच : झरा, सोड्याचं पाणी आणि जीव.

सकाळी बाटलीतली साय काकांना दाखवली. ते ती उजेडात धरून पाहत राहिले. "म्हंजे दगडाच्या आत हे जितं होतं?"

"हो काका."

परतण्याआधी संगमावर सहा स्वच्छ काचपट्ट्या लावल्या. तीन उघड्या, तीन काळ्या कापडात, उजेडाशिवाय काय बसतं ते पाहायला. काकांनी त्या सुतळीनं दगडाला पक्क्या बांधून दिल्या.